गरीब नको, मुकी पाहिजे

अगं पोरी, जरा जवळ सरक. कोंबडीची गोष्ट अशी फोनवर विचारतात का कुणी? "मावशी, आवाज न करणारी कोंबडी कोणती तेवढं सांग, गॅसवर दूध हाय." मी तोंड उघडायच्या आत तुझं दूध उतू गेलं आणि फोन बंद. लातूरला नवं घर बांधलंस, मागं मोकळी जागा सोडलीस, शेजाऱ्यांनी आधीच डोळे वटारलेत, म्हणून तुला मुकी कोंबडी पाहिजे. बरं. पण ही काय जिऱ्याची पुडी आहे का, नाव सांगितलं आणि आणली? या एका गोष्टीपायी मी नांदेड सोडून निघाले होते, पिशवी भरून. ते तुला ठाऊक नाही, कारण तू दोन मिनिटं बूड टेकून ऐकत नाहीस. म्हणून आता लिहूनच काढते. वाच, आणि वाचताना गॅसवर काही ठेवू नको.

मी बिलोलीकडची, सगळा जन्म गावात गेला. नांदेडला आले ती सुनेच्या नोकरीसाठी. सून मोठ्या दवाखान्यात नर्स आहे आणि ड्यूटी रात्रीची. लेक लातूरला डाळीच्या मिलमध्ये, सुट्टीला तेवढा घरी. नात लहान, दुसरीत. रात्री तिच्याजवळ निजायला घरात मोठं माणूस पाहिजे, ते माणूस मी. मी आहे तोवर सुनेची नोकरी आहे, मी उठून गेले तर तिला ती सोडावी लागणार. असं मला कुणी तोंडावर म्हणालं नव्हतं, पण घरात सगळ्यांना माहीत होतं, नातीलासुद्धा.

आता त्या घराची दुपार कशी असते ते ऐक. सून सकाळी ड्यूटीवरून येते तोवर नात शाळेत गेलेली असते. सून अंघोळ करते, दोन घास खाते आणि झोपते, ती पार उन्हं कलेपर्यंत. दिवसाची झोप म्हणजे काचेचं भांडं गं, जरा धक्का लागला की फुटलं. म्हणून मी कुकर पहाटेच लावून टाकायची. मिक्सर नाही. दाण्याचा कूट करायचा तर खलबत्ता घेऊन पार मागच्या भिंतीशी जायचं, तिथंही हात भीत भीत पडायचा. भांडं ओट्यावर ठेवताना खाली फडकं. फोन मुका. चप्पल दाराबाहेर, घरात अनवाणी. कडी लावताना असं वाटायचं, आपल्याच घरात चोरी करून राहिलोय.

आणि मी कशी बाई आहे ते तुला माहीत आहे. गावात मी बोलता बोलता भाकरी थापायची, भाकरी थापता थापता रस्त्यावरच्या माणसाला हाक मारायची. इथं तोंडाला कुलूप. मग पाय चालू झाले. पुढच्या फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत जायचं, परत यायचं. लिंबोणीची वाळकी पानं वेचायची. झाडलेलं अंगण परत झाडायला घ्यायचं, खराट्याचा आवाज झाला की थांबायचं. मध्येच सुनेच्या खोलीचा पडदा बोटभर सरकवून बघायचं, झोपली का. झोपलेली असायची. मग परत फाटक. एका जागी बसलं की छातीत काहीतरी धडधडायचं, जणू कुणीतरी यायचं आहे आणि येत नाही. रोग नव्हता काही. डॉक्टरनं बघितलं, म्हणाला आजी, ठणठणीत आहात. ठणठणीत असल्याचाच त्रास होता.

एकदा सुट्टीला लेक आला तेव्हा मी म्हणून बसले, "दसरा झाला की जाते बाबा गावाकडं. मला इथं करमंना."

लेकानं ताटातली भाकरी मोडली आणि तशीच हातात धरून ठेवली. सुनेकडं बघितलं. सुनेनं त्याच्याकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. ती मला मामी म्हणते, आमच्याकडं सुना सासूला तसंच म्हणतात.

"मामी, तुम्हाला इथं काय पाहिजे ते तरी सांगा."

"मला काय पाहिजे? काम पाहिजे. हलणारं, माझ्यामागं फिरणारं. चार कोंबड्या असत्या तर बघितलं असतं का मी गावाचं नाव?"

लेक हसायला लागला. "आई, कोंबड्या! अन् हिनं झोपायचं कवा?"

सून म्हणाली, "पाळा की मामी. फक्त मुकी बघा."

इतकंच म्हणाली आणि मला वाटलं, सोपं आहे. आयुष्यभर कोंबड्यांत वावरलेली बाई मी, त्यात काय अवघड? पण गावात कोंबडी निवडताना आपण काय बघतो? अंडी किती देते, पिल्लं सांभाळते का, घारीला घाबरून लपते का. ती बोलते किती, हे जन्मात कधी बघितलं नव्हतं. जिथं कुत्री, गुरं, पाण्याची मोटार आणि आपण स्वतः, सगळेच ओरडत असतो, तिथं कोंबडीचं कोण ऐकतं?

गेले आठवडी बाजाराला, संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. कोंबड्या विकणारी बाई पाय पसरून बसली होती, पुढ्यात झाकलेली डालगी. मी गावच्या सवयीनं विचारलं, "बाई, गरीब हायेत का?"

तुला माहीत आहे, आपण बैलाला, गाईला असंच विचारतो. गरीब गाय म्हणजे लाथ न मारणारी, कुणालाही कासेला हात लावू देणारी. माझ्या डोक्यात गरीब म्हणजे शांत, आणि शांत म्हणजे मुकी. सगळं एकाच गाठोड्यात बांधलेलं.

ती म्हणाली, "अम्मा, माझ्या कोंबड्या इतक्या गरीब की दाणा बी विचारून खातेत! पकडून बघा. चू नै करते."

मी पकडून बघितलं. खरंच, एकीनंही पंख फडकवला नाही. त्यातली एक तपकिरी तर अशी शहाणी, अंग फुगवून, डोळे अर्धे मिटून कोपऱ्यात बसलेली. उचलली तरी आवाज नाही. मी म्हटलं, हीच ती. तिच्याबरोबर आणखी दोघी घेतल्या आणि रिक्षात मांडीवर डालगं घेऊन राणीसारखी घरी आले. रिक्षावाला म्हणाला, "आजी, आत काय हाय? आवाजच न्हाई." मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

पहिले चार-सहा दिवस त्या बावरलेल्या होत्या. नवी जागा, नवं खुराडं. मी मागच्या भिंतीशी शेवग्याखाली जुनं कपाट आडवं टाकून खुराडं केलं होतं. माझे पाय जरा थांबले. दाणा टाक, पाणी बदल, घाण काढ. सून उठली की विचारायची, "काय म्हणतेत तुमच्या मुक्या?" मी म्हणायची, "काही म्हणत न्हाईत, म्हणून तर आणल्या."

मग त्यांचा जीव रुळला आणि एकीनं अंडं दिलं.

अगं, कोंबडीनं अंडं दिलं की ती काय करते? सगळ्या गावाला सांगते. कॉक-कॉक-कॉक-कॉकॉऽऽक! तेही कधी, तर सून नुकतीच झोपलेली, उन्हं जरा वर आलेली, तेव्हाच. पहिली थांबते न थांबते तोच दुसरी सुरू, अंडं न देताच, नुसती हिच्या जोडीनं. मी धावले. हातवारे केले, "गप, गप" म्हटलं, पदर हलवला. त्यांना वाटलं मीही त्यांच्यात सामील झाले. वळून बघते तर खिडकीचा पडदा बाजूला आणि सून उभी, केस विस्कटलेले, डोळे लाल. हसायचा प्रयत्न केला बिचारीनं आणि पडदा सोडला.

तेव्हा मला समजलं, गरीब वेगळी आणि मुकी वेगळी. हातात गुपचूप येणारी कोंबडी तोंडानं गुपचूप असेल असं कुणी सांगितलं? माणसांतही बघ ना, सगळ्यांचं ऐकणारी बाई गप्प असतेच असं नाही. आणि सगळे मला म्हणत होते, कोंबडा तेवढा आणू नका. अगं, कोंबडा पहाटे बांग देतो, तेव्हा माझी सून दवाखान्यात असते! पहाटेच्या आवाजाची भीती शेजाऱ्यांना. माझी भीती होती दिवसा चढत्या उन्हाची, कोंबडीच्या अंड्याची.

राहिली ती तपकिरी. ती मात्र खरंच मुकी. खुराड्याच्या कोपऱ्यात बसली ती बसलीच. हात घातला की अंग फुगवून गुरगुरायची, बस. मी सगळ्यांना सांगत सुटले, बघा, कशी पारखून आणली. आमची शेजारीण उदगीरची आहे, माझ्याच वयाची, बोलता बोलता तिचं कानडी बाहेर येतं. ती भिंतीवरून डोकावली, तपकिरीच्या पोटाखाली हात घातला आणि तिनं कपाळावर हात मारला.

"अय्यो अक्का! ही मुकी कुठली, ही तर खुडूक हाय!"

मी बघितलं. पोट तापलेलं, छातीची पिसं गळलेली, आणि खाली काय, तर एक वाळकं लिंबू. त्यावर माझी शहाणी बसली होती उबवत! खुडूक झालेली कोंबडी आवाज कशाला करेल? ना खायची शुद्ध, ना बोलायची. मला, मला ओळखू आली नाही. गावात खुडूक कोंबडी आपल्या जागेवर बसलेली दिसते, म्हणून कळते. बाजाराच्या डालग्यात संध्याकाळी सगळ्याच फुगून बसतात.

शेजारीण हसून हसून भिंतीला टेकली. म्हणाली, "कोंबडी खुडूक, अन् मालकीण बी खुडूक. दोघी दिसभर गप्प. तू कशावर बसलीस अक्का, ते तरी बघ. अंडं हाय का लिंबू हाय?"

मी पण हसले. पण ते वाक्य घुसलं गं कुठंतरी. संध्याकाळी भांडी घासताना मी हात थांबवून विचार करायची, खरंच, मी कशावर बसलेय?

गावात खुडूक मोडायला कोंबडीला पाण्यात बुडवतात, नाकात पीस घालतात. मला ते करवलं नाही. तिचं लिंबू काढून घेतलं की ती दुसरं शोधायची, तर मी ठेवलं तसंच. काही दिवसांनी तिचं खूळ आपोआप उतरलं. आणि उतरलं तशी, बाई गं, तिघींत सगळ्यांत बोलकी तीच निघाली. इतक्या दिवसांचं साठवलेलं सगळं बाहेर काढलं.

तेव्हापासून माझी शोधाशोध सुरू झाली. जिवाला चैन पडेना. शाळेच्या बसची वाट बघतानाही मी बायांना विचारायची, तुमच्याकडं कोंबड्या कुठल्या? हिमायतनगरकडून दूध घेऊन येणारा दूधवाला म्हणाला, आजी, बदकं घ्या. साधी नको, ती तांबड्या फोडांच्या तोंडाची असतात ती. ती नुसती फुसफुसतेत. त्यानंच एक जोडी आणून दिली. आता तुला खरं सांगते, नुसता आवाजच बघायचा असेल तर या बदकांच्या वर काही नाही. दिवसभरात फुस्स, फुस्स, सायकलच्या चाकातली हवा सुटावी तेवढंच. पण त्यांना पाणी किती लागतं! आमच्याकडं नळ एक दिवसाआड. प्यायचं पाणी भरू का बदकांचं घंगाळ? माझी मेथी त्यांनी मुळासकट खाल्ली, अंगणात पाय घसरायला लागले, आणि नर नातीच्या मागं मान लांब करून फुसफुसत जायला लागला तशी ती दप्तर टाकून पळाली. दूधवाल्यालाच परत दिली जोडी. तुझ्या लातूरला पाणी कसं येतं ते तुला माहीत आहे, म्हणून बदकाचं नावही काढू नको.

मग लेकानं लातूरहून पिंजऱ्यात बटेर आणले. म्हणाला, "आई, हे घे. बारकी पाखरं, बारका आवाज." बारकं होतं सगळं. पण ते पिंजऱ्याचं पाखरू, मोकळं सोडलं की गेलं. मी पिंजऱ्यापुढं बसायची आणि ते पिंजऱ्यात बसायचे. माझ्यामागं फिरणारं काहीतरी मला पाहिजे होतं, हे माझ्यासारखंच कोंडलेलं. लेकाला वाईट वाटू नये म्हणून काही दिवस ठेवले, मग नातीच्या मैत्रिणीकडं गेले ते. कुणीतरी तितरासारख्या ठिपक्यांच्या कोंबड्याही सुचवल्या. त्या मी माहूरच्या रस्त्यावर एका शेतात बघितल्या होत्या. अगं, त्यांचा आवाज म्हणजे गंजलेल्या हापशाला कुणी खालीवर करून राहिलंय. त्यांच्या वाटेला जाऊ नको.

शेवटी काय आणलं? भारी अंगाच्या. गिरिराज म्हणतात त्या. गावरान कोंबडीला सगळ्याची घाई असते, ही जड, पाय टाकताना विचार करते, आवाज घशातल्या घशात. या वेळी मी बाजारात गेले नाही. जिथं पाळतात तिथं गेले, तेही सकाळी, अंड्याच्या वेळेला. हे लक्षात ठेव. संध्याकाळी कुठलीही कोंबडी शहाणीच दिसते. सकाळी जाऊन तिथं बस, मालक चहा पाजेल तो पी, आणि कान लाव. अंडं देऊन बाहेर आल्यावर कोण किती बोलते ते ऐक. जी दोनदा कॉक म्हणून दाण्याकडं वळते, ती आपली. आणि नुसती तलंग घेऊ नको, अजून अंड्यावर न आलेली. लग्नाआधी सगळ्याच पोरी अबोल असतात. मालकाला मी असं म्हटलं तर तो म्हणाला, "आजी, तुम्ही कोंबडी बघायला आलाय का सून?"

जुन्या तिघी शेजारणीच्या भावाच्या शेतावर गेल्या, या चौघी घरी आल्या. खुराडं सुनेच्या खिडकीसमोरून हलवून दुसऱ्या अंगाला नेलं. अंडी द्यायची जागा अंधारी केली, गोणपाटाचा पडदा लावला. अंडं देऊन बाहेर आली की लगेच मूठभर भिजवलेली ज्वारी पुढ्यात. चोच भरलेली असली की ती काय बोलणार? सकाळी वेळेवर सोडायच्या, पाणी वेळेवर. उपाशी कोंबडी तक्रार करते, पोट भरलेली नुसती पुटपुटते. सगळं जमलं. माझ्या मनासारखं झालं.

आणि तरी सुनेचे डोळे लालच.

मला कळेना. कोंबड्या जवळजवळ मुक्या. मी त्यांच्याहून मुकी. दिवसातून पाच वेळा पडद्यातून बघायची, ती पडलेली असायची, पण खांद्यावरून कळतं गं, झोपलेल्याचा खांदा वेगळा असतो. मग एकदा भर दुपारी मुंगूस आलं. भिंतीखालच्या मोरीतून घुसलं आणि चौघींनी जो कल्ला केला! भारी अंगाची कोंबडी एकदा ओरडली की तीही भारीच ओरडते. मी काठी घेऊन धावले, मुंगूस गेलं, कोंबड्या वाचल्या. पण सून बाहेर येऊन पायरीवर बसली ती उठेना. डोकं दोन्ही हातांत धरून बसली.

म्हणाली, "मामी, काल वार्डात एकाचं औषध दुसऱ्याच्या खाटेशी घेऊन गेले होते मी. हातात सुई होती. त्या बाईनंच नाव विचारलं म्हणून लक्षात आलं. झोपेमुळं झालं. काही झालं न्हाई. पण झालं असतं."

मी तिच्याशेजारी बसले. कुणाच्या तरी घरचं माणूस, आणि माझ्या चार कोंबड्या. त्या दुपारी मी ज्वारी टाकली नाही, फाटकापर्यंत गेले नाही. मनाशी ठरवलं. कोंबड्या शेजारणीकडं द्यायच्या. आणि कोंबड्यांवाचून मी इथं राहायची नाही, हे मला पक्कं माहीत होतं, चार दिवसांत वेड लागेल. मग जायचं. पण मी गेले तर हिची नोकरी जाणार. तर नातीलाच घेऊन जायचं. गावात शाळा आहे, मी आहे. सून इथं निवांत झोपेल, नोकरी करेल. असा मी सगळा हिशोब जुळवला आणि पिशवी काढली. माझी दोन लुगडी, नातीचे फ्रॉक, तिचा कंपास.

दुसऱ्या दिवशी सून ड्यूटीवरून आली, पिशवी दिसली, आणि मी सगळं एका दमात सांगून टाकलं. मला वाटलं हायसं वाटेल तिला. तिनं पिशवीत हात घातला, वरचा फ्रॉक बाहेर काढला आणि नुसता धरून उभी राहिली.

"माझी पोरगी घेऊन जाता व्हय मामी? मी झोपावं म्हणून?"

"मग काय करू? तुला कोंबड्या झोपू देईनात..."

"कोंबड्या?" ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की मी दचकले, त्या घरात दिवसा असा आवाज कधी झालाच नव्हता. "कोंबड्यांचं काय घेऊन बसलात! मला तुम्ही झोपू देत न्हाई!"

"मी? अगं, मी तर चप्पल बी घालत न्हाई घरात!"

"त्यानंच!" ती खाली बसली. रडत होती का हसत होती, मला अजून सांगता येणार नाही. "तुम्ही अनवाणी येता, दाराशी थांबता, पडदा सरकवता. श्वास धरून उभ्या राहता. मला सगळं ऐकू येतंय मामी. मी डोळे मिटून पडून राहते अन् वाट बघते, आता सांगतील, आता सांगतील. आमच्या वार्डात कुणी असं दबकत आलं ना, म्हणजे समजायचं, कुणाचं तरी संपलंय, आता घरच्यांना सांगायचं हाय. पाय वाजवत येणारा माणूस चहा विचारायला येतो. दबकत येणारा... मला वाटतं पोरीला काय झालं का, हेंचा फोन आला का लातूरहून. कोंबडी ओरडली तर मी जागी होते, कळतं की अंडं दिलं, परत झोप लागते. तुमचं काही कळतच न्हाई."

इतके महिने मी मुकी कोंबडी शोधत नांदेड पालथं घातलं, आणि घरात सगळ्यांत त्रास कुणाच्या मुकेपणाचा, तर माझ्या. शेजारीण बरोबर म्हणाली होती गं. मी लिंबावर बसले होते.

"मग काय करू सांग," मी म्हटलं.

"काही करू नका. चालताना चाला. बोलायचं तर बोला. कोंबड्यांवर ओरडा पाहिजे तर. तुमचा आवाज मागच्या अंगणात असला की मला कळतं, मामी तिथं हायेत, पोरगी शाळेत हाय, सगळं जागच्या जागी हाय."

पिशवी तिनंच रिकामी केली. लुगडी परत कपाटात नीट घडी करून ठेवली, माझ्याहून चांगली घडी. मग जेवली आणि झोपायला गेली. मी चप्पल घातली. घरात चप्पल घालून चालायचं म्हणजे पहिल्यांदा पाऊल टाकवेना. फटक, फटक, स्वयंपाकघरापर्यंत गेले. काही झालं नाही. पातेलं ओट्यावर ठेवलं, खाली फडकं नाही. मागच्या अंगणात जाऊन मी त्या चौघींना शिव्या द्यायला सुरुवात केली, "या गं भवान्यांनो, कुठं उकरून राहिल्यात, मेथी का दिसंना तुम्हाला?" आणि कुठवर बोलत राहिले ते कळलंच नाही. उन्हं कलली तरी सून उठली नव्हती. मला परत धडधडायला लागलं, जाऊन बघावं का. पडद्यापर्यंत गेले, फटक फटक करतच. आतून घोरणं ऐकू आलं. बाईमाणसाचं घोरणं, चांगलं भरघोस.

आता तू म्हणशील, मग मावशी, मी काय आणू? भारी अंगाच्या आण, चारपेक्षा जास्त नको, कोंबडा नको, मोरीला जाळी लाव. एवढंच तुला फोनवर सांगता आलं असतं, खरं आहे. पण तुला मुकी का पाहिजे ते आधी बघ. शेजाऱ्यांनी डोळे वटारले म्हणतेस. तुझे शेजारी अजून न आणलेल्या कोंबड्यांवर चिडलेत, का तुम्ही त्यांच्याशी बोलत नाही म्हणून? चार अंडी घेऊन जा त्यांच्या दाराशी, मग ऐकू दे त्यांना कॉक-कॉक. कुठली कोंबडी अगदी मुकी मिळेल असं मी सांगू शकत नाही. मिळाली तर आधी पोटाखाली हात घालून बघ.

माझं मन अजून पुरतं थाऱ्यावर आहे असं नाही. पाय चालतातच. संध्याकाळी फाटकाशी उभी राहिले की बिलोलीची एसटी आठवते, वाटतं बसावं आणि जावं. मग नातीचं दप्तर दिसतं, ती पाय धुवायला हाक मारते. सुनेची ड्यूटी आता बदलेल म्हणतात, दिवसाची होईल. झाली तर मी कोणासाठी दुपारी बोलत बसू, हा पुन्हा घोर. पण ते तेव्हा बघू.

तर तू ये. गावाकडं जाऊन मला हाका मारू नको, तिथं घराला कुलूप आहे, मी नांदेडलाच आहे आणि राहणार आहे. पोरांच्या मोठ्या सुट्टीची वाट बघू नको, लेक लातूरहून निघतो त्याच गाडीत बस. तुझ्या पोरांना आण, त्यांना अंडी वेचू देते. सकाळी ये म्हणजे कोंबड्या ऐकायला मिळतील, आणि फाटकाची कडी जोरात वाजव, सून झोपलेली असली तरी. लवकर ये गं. मला बोलायला माणूस पाहिजे.